मुखपृष्ठावरची बाई

"आजपासून रायपूरमध्ये मराठी ग्रंथनिर्मितीचं एक नवं युग सुरू होत आहे," धर्मपाल रामटेके कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाले, आणि स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली.

"पापा, फिर से," भावना मोबाइल खाली करत म्हणाली. "कुकर आ गया बीच में."

युग थांबवून ठेवण्यात आलं. आतून सत्यभामाबाईंनी कळवलं की तुरीची डाळ आहे, अजून शिट्ट्या होतील, तोवर काय बोलायचं ते मनातल्या मनात बोलून घ्या. धर्मपालांनी बोलून घेतलं. पण कुकर गप्प झाला तेव्हा त्यांना नवं युग कुठल्या शब्दानं सुरू होतं तेच आठवेना.

"रहने दो पापा," मुलगी म्हणाली. ती नवा रायपुरात एका जाहिरातीच्या कंपनीत नोकरीला होती आणि लोक काय पाहतात हे तिला पगार घेऊन माहीत होतं. "भाषण कोई नहीं देखता. आप लकड़ी काटो बस."

"मंग बोलूच नको का?"

"मत बोलो. काटो. लोगों को काटना पसंद है."

धर्मपालांनी हळदूच्या पिवळ्या लाकडाचा एक ठोकळा मांडीवर घेतला, पटाशी लावली आणि मुकाट्यानं कापू लागले. ती चित्रफीत रायपुरातल्या गुढ़ियारीपासून पार दुर्गपर्यंत पाहिली गेली. एकानं खाली विचारलं, दारावरची नावाची पाटी करता का. दुसऱ्यानं विचारलं, पोळपाट मिळेल का. तिसऱ्यानं नुसतं 'हव' लिहिलं होतं. तो कशाला होकार देत होता ते कळायला मार्ग नव्हता, पण धर्मपालांना त्यातल्या त्यात तोच रसिक वाटला.

धर्मपाल रेल्वेत पेंटर होते. मालगाडीच्या डब्यांवर नंबर लिहायचे. त्यांच्या हाताचं लेखन देशभर फिरून आलेलं होतं, वाचक तेवढे यार्डातले. तरुणपणी खैरागडला एका शिबिरात ते लाकूड कोरून चित्र छापायला शिकले. ठोकळ्यावर चित्र कोरायचं, रुळानं शाई फिरवायची, वर कागद ठेवून मागून घासायचं. घासायला त्यांनी स्वयंपाकघरातली आमटीची पळी घेतली होती. सत्यभामाबाईंच्या संसारात अशा चार-पाच पळ्या कलेसाठी कामी आल्या. निवृत्त झाल्यावर माणसं भाजी आणायला लागतात. धर्मपालांनी स्वतःच्या पैशानं एका जुन्या कादंबरीची सचित्र आवृत्ती काढायला घेतली.

कादंबरीचं नाव 'पाणवठ्याची पायरी'. शंभर वर्षांपूर्वीची, पुण्याच्या लेखकाची. एके काळी कॉलेजात लावलेली होती, म्हणून ती थोर आहे याविषयी कोणाला शंका नव्हती आणि वाचलेली फारशी कोणी नव्हती. नायिका कालिंदी, बालविधवा. ती पहिल्या प्रकरणापासून रडते, मध्ये ताप येतो म्हणून थांबते, आणि ताप उतरला की पुन्हा रडायला लागते. मग एका पहाटे ती नदीच्या पायरीवरून घसरते, की उडी मारते, हे लेखकानं सभ्यपणामुळे स्पष्ट केलेलं नाही. ती बुडू लागते. आणि तिथे एक वाक्य आहे:

'इतक्यात वेशीबाहेरील कोणी एक बाई ओरडली, म्हणून लोक धावले.'

लोक धावतात. कालिंदी वाचते. एका सुधारकाशी तिचा पुनर्विवाह होतो, आणि पुस्तकाच्या शेवटापर्यंत समाज सुधारत राहतो. ती ओरडलेली बाई पुन्हा कुठेही येत नाही.

हे पुस्तक धर्मपालांच्या घरात रद्दीतून आलं होतं. त्यांची माय, सुगंधाबाई, रेल्वे कॉलनीतल्या मराठी साहेबलोकांच्या घरची भांडी घासायची. मागच्या अंगणात नळ असे, तिथे. घराच्या आत जायचं काम पडत नसे. भांडी बाहेर यायची, घासली जायची आणि आत जायची. अशाच एका घरातल्या बाईंनी कव्हर गेलेलं पुस्तक 'पोराला वाचायला होईल' म्हणून दिलं. पोरानं ते चुलीपुढे बसून मायला वाचून दाखवलं. माय कालिंदीसाठी फारशी हळहळली नाही. रोज इतकं रडायला सवड मिळते म्हणजे घरात पाणी भरायला माणूस असेल, एवढंच ती म्हणाली. पण ते वाक्य आलं तेव्हा तिचा भाकरी थापणारा हात थांबला.

"मंग थे बाई?"

"कोनती बाई?"

"ओरडली थे."

पोरानं पुढची पानं चाळली. "नाई. पुढं नाई आहे थे."

"पाह्य ना नीट. एवढं मोठं पुस्तक आहे. कुठी तं असंल."

त्यानंतर रोज वाचून झालं की माय विचारायची, "आली का?" आणि पोरगा मान हलवायचा. शेवटी कालिंदीचं लग्न लागलं, पंगत उठली, पुस्तक संपलं. माय चुलीतला जाळ मागं सारत म्हणाली, "जेवाले बी नाई बोलावलं तिले?"

पुढे काही वर्षांनी माय क्षयानं गेली. तिचा फोटो नाही. घरात एकदाच फोटोवाला आला होता, तेव्हा ती कामावर होती.

तर धर्मपालांनी सगळी चित्रं अशी काढली होती की ती बाई जिथे उभी असू शकेल तिथून जे दिसेल तेच दाखवायचं. कालिंदीचं घर कुंपणाबाहेरून दिसे. खिडकीत बोटाएवढी कालिंदी, ती रडते आहे की केस विंचरते आहे ते इतक्या लांबून ओळखू येत नसे. लग्नाच्या चित्रात मांडवाचा मागचा तट्ट्या आणि माणसांच्या पाठी, पुढे उष्ट्या पत्रावळी. कादंबरीतली सगळी थोर माणसं पाठमोरी होती. फक्त मुखपृष्ठावर ती बाई स्वतः. एक हात वर, तोंड ओरडायला उघडलेलं, गुडघ्यापर्यंत ओलं लुगडं. आणि चेहरा मायचा. आतली चित्रं छापखान्यात छापून घेतली तरी मुखपृष्ठ मात्र प्रत्येक प्रतीचं हातानं उमटवायचं, असा त्यांचा हट्ट होता.

चेहऱ्याला फार दिवस लागले. आठवणीवर भरवसा नव्हता, आणि मायला पाहिलेलं त्यांच्याखेरीज एकच माणूस उरलं होतं, बिरगांवची आत्या. धर्मपाल तिच्याकडे छाप घेऊन जायचे. आत्या खाटेवर बसून कागद डोळ्यांशी न्यायची आणि परत द्यायची.

"नाक असं नोयतं रे. बसकं होतं. तू तं मास्तरनीचं नाक लावून आनलं."

लाकडात काढता येतं, भरता येत नाही. नाक चुकलं की ठोकळाच बाद. नवा ठोकळा, नवं कोरणं. बाद झालेल्या माया सत्यभामाबाई आंघोळीच्या पाण्याखाली घालत.  पाणी मात्र छान तापायचं.

शेवटच्या खेपेला आत्यानं कागद घेतला, पाहिला, आणि काही बोलायच्या आधीच तिचा हात डोक्यामागे गेला. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. मोठी वहिनी समोर आली की घ्यायची तसा. मग तिचं तिलाच लक्षात आलं आणि ती ओशाळून हसली.

"हेच," ती म्हणाली.

होळीच्या सुमारास आत्या गेली. त्यानंतर मायच्या नाकाबद्दल मत देणारं कोणी जगात राहिलं नाही.

पुस्तक काढणं सोपं असतं, ते कुणाच्या तरी घरात जाणं अवघड. धर्मपालांनी प्रयत्न केले. एका मेळाव्यात नमुन्याची प्रत ठेवून टेबल मांडून बसले. लोक थांबायचे, चित्रावर बोट फिरवायचे आणि विचारायचे, "हिंदी में है?" नाही म्हटलं की बोट काढून घ्यायचे. एका मराठी बाईंनी फार कौतुक केलं, आपल्या मुलाला हाक मारून चित्र दाखवलं. तो म्हणाला, "मम्मी, हमको कहाँ पढ़ना आता है," आणि त्या बाई अशा काही हसल्या की धर्मपालांनीच त्यांना पाणी विचारलं.

तेवढ्यात विदर्भ स्नेहवर्धक मंडळाचा निरोप आला. मंडळाचा सुवर्णमहोत्सव होता. दर मोठ्या उत्सवाला सभासदांच्या घरी स्टीलचा डबा द्यायची प्रथा होती, पण गेल्या खेपेच्या डब्यांना झाकणं बसली नव्हती आणि त्यावरून दोन कुटुंबांचं बोलणं बंद झालं होतं. यंदा पुस्तक द्यावं असं ठरलं. पुस्तकाला झाकण नसतं.

अध्यक्ष गुलाबराव काळमेघ आणि सचिव क्षमाताई यांनी मंडळाच्या खोलीत मुखपृष्ठाचा छाप टेबलावर ठेवून घेतला. गुलाबरावांनी तो आधी जवळून पाहिला, मग चष्मा काढून लांबून पाहिला.

"काम सुंदर आहे, रामटेकेजी. फार म्हणजे फारच. पण ही कोण?"

"थे बाई आहे. ओरडली थे."

"कोण ओरडली?" गुलाबरावांनी ही कादंबरी कॉलेजात अभ्यासली होती, म्हणजे तिचं गाइड.

"अहो, आहे तसं एक वाक्य," क्षमाताई म्हणाल्या. त्यांनी खरोखर वाचली होती. "कालिंदी बुडताना."

"एक वाक्य." गुलाबराव विचारात पडले. "एका वाक्याच्या बाईला पूर्ण मुखपृष्ठ? म्हणजे जरा प्रमाण नको का?"

"आणि भाऊ," क्षमाताई मायेनं म्हणाल्या, "बाई ओरडताना चांगली नाही हो दिसत. पुस्तक बैठकीत समोर पडून राहतं. पाहुणे येतात, लहान मुलं असतात. आमचं म्हणणं एवढंच, हेच चित्र ठेवा, हाच हात, हेच लुगडं. फक्त चेहरा तेवढा कालिंदीचा घाला. सौम्य."

"तोंड बंद?" धर्मपालांनी विचारलं.

क्षमाताईंनी अध्यक्षांकडे पाहिलं. "थोडं उघडं चालेल."

"लाकडात भरता नाई येत, ताई. काढताच येते फक्त."

"मग काढा ना," गुलाबराव उदारपणे म्हणाले.

आणि मग छाप परत देताना त्यांचा हात जरा रेंगाळला. "चेहरा कुठंतरी पाहिल्यासारखा वाटून राहिला पण."

"असंल," धर्मपाल म्हणाले.

मायला पुस्तक देणाऱ्या बाई या गुलाबरावांच्या आई. मागच्या अंगणातला नळ त्यांच्याच घरचा. गुलाबरावांना ते आठवत नव्हतं, यात त्यांचा काही दोष नाही. ते लहानपणी पुढच्या दारानं शाळेत जात आणि पुढच्याच दारानं परत येत.

"विचार करा," ते म्हणाले. "पण तारीख जवळ आहे. तुमचं पुस्तक मंडळाच्या एकूण एक घरात जाईल. हा योग पुन्हा येणार नाही."

धर्मपाल विचार करायला म्हणून उठले आणि दारापर्यंत जाऊन परत आले. एकूण एक घरात, म्हणजे काळमेघांच्या घरात, रेल्वे कॉलनीतून उठून आता शंकरनगर-समता कॉलनीत गेलेल्या त्या सगळ्या घरांत. पुढच्या दारानं आत, बैठकीत, समोर. तोंड कुणाचंही का असेना, तो हात मायचा होता. ते उभं राहणं मायचं होतं.

"करून देतो," ते म्हणाले.

सत्यभामाबाईंनी ऐकून घेतलं. त्या तेव्हा तांदूळ निवडत होत्या.

"हो म्हटलं तुमी?"

"हो."

"काहून?"

"घरात तं जाईल ना थे."

"कोन जाईल? धड मायचं आन् मुंडकं कालिंदीचं?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "जिंदगीभर मागच्या दारानं ठेवलं त्यायनं तिले. आता समोरच्या दारानं घेऊन राहिले, तं मुंडकं काढून या म्हनते?"

"तू समजून नाई राहिली."

"मले समजते. तुमालेच समजून नाई राहिलं का काय करून राहिले तुमी."

पण कापायच्या आधी घरासाठी एक छाप काढून द्या, असं त्याच म्हणाल्या. धर्मपालांनी काढला. सत्यभामाबाईंनी तो ओला असतानाच भिंतीवर बुद्धाच्या फोटोखाली लावला आणि म्हणाल्या, "घ्या. माय तं आली घरात."

"इथं तं थे होतीच," धर्मपाल म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ठोकळा पायांत धरला आणि गोल पटाशीनं मायचा चेहरा खणून काढला. आधी कपाळ. मग ते बसकं नाक, ज्यासाठी बिरगांवच्या इतक्या खेपा झाल्या होत्या. ते सगळ्यांत लवकर निघालं. तोंड आधीच उघडं होतं, तिथे फारसं लाकूड नव्हतं. चेहऱ्याच्या जागी वाटीसारखा खड्डा झाला. लाकडाच्या पिवळ्या सालट्या भोवती पडल्या होत्या. एरवी सत्यभामाबाई त्या लगेच चुलीसाठी गोळा करत. त्या दिवशी झाडू तेवढ्या जागेला वळसा घालून गेला.

खड्ड्यात बसेल असा लाकडाचा गोल डट्टा त्यांनी तासला आणि त्यावर कालिंदी कोरली. सौम्य, थोडं उघडं तोंड. डट्टा हातोडीनं ठोकून बसवला. अगदी घट्ट बसला, सांध्यात नखही जाईना. चूक एकच झाली. जुनं मुरलेलं हळदू संपलं होतं आणि लाकडाच्या टालावरून आणलेला तुकडा ओला होता. लाकूड वाळवायला एक उन्हाळा पाहिजे असतो. उन्हाळा होता, पण तो पुरता व्हायच्या आतच मंडळाची तारीख पडत होती.

रायपूरचा मे महिना सुरू झाला. दुपारी गल्लीत कुत्रंही दिसेना. छापायच्या खोलीत कागद कडक होऊ नये म्हणून कूलर चालू असे. खसचा वास, पाण्याची बारीक फवार, त्यात शाईचा वास. कूलरच्या ओलीत डट्टा फुगून जागच्या जागी राहिला. नमुन्याचे काही छाप निघाले. कालिंदी त्यात खरोखर सौम्य दिसत होती. हात मात्र 'धावा, धावा' म्हणत होता आणि चेहरा म्हणत होता, 'सावकाश या.' क्षमाताईंना नमुना आवडला.

मग कूलरची मोटर जळाली. मिस्त्री म्हणाला, सीझन आहे, हप्त्यानं या. त्या दिवसभर खोलीत गरम वाऱ्याची लू खेळत राहिली.

दुसऱ्या सकाळी धर्मपालांनी ठोकळ्यावर शाईचा रूळ फिरवला, तर रूळ एका बाजूनं उड्या मारायला लागला. त्यांनी उचलून पाहिला. चिकट शाईला धरून कालिंदीचा चेहरा रुळावर बसला होता आणि रुळाबरोबर फिरत होता. वर, खाली, वर. सुटा केला तर हातात दोन तुकडे आले. कपाळापासून हनुवटीपर्यंत चीर गेली होती.

त्यांनी ते तुकडे खिडकीत ठेवले. मग, शाई लागलेलीच होती म्हणून, वाया कशाला घालवायची म्हणून, त्यांनी कागद ठेवला आणि पळीनं घासला. कागद उचलला.

वर गेलेला हात. ओलं लुगडं. खांद्यावरचा पदर, मानेची शीर. आणि चेहऱ्याच्या जागी कोरा पांढरा गोल.

सत्यभामाबाई पोह्यांची ताटली घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"पडला," धर्मपाल म्हणाले.

सत्यभामाबाईंनी ताटली खाली ठेवली, छाप दोन्ही हातांत धरून उजेडाकडे नेला.

"दुसरा बसवता?"

"वेळ नाई आता. आन् वाळलेलं लाकूड बी नाई."

"मंग राहू द्या." त्या अजून कागदाकडेच पाहत होत्या. "तिचा नाई तं नाई. पन दुसरीचा बी नाई. पाहनारा इचारंल तरी, कोन आहे म्हनून."

धर्मपालांनी मान वर केली. मायनं चुलीपुढे बसून विचारलं होतं तेच, पुन्हा कुणाच्या तरी बैठकीत, कुणीतरी चहा पिता पिता पुस्तक उचलून विचारील, मंग थे बाई? त्यांच्या मनात असं आलं आणि त्यांना कित्येक दिवसांनी भूक लागली. पोहे खाऊन त्यांनी सगळी मुखपृष्ठं तशीच छापली. मंडळाला विचारलं नाही. डब्यांवर नंबर लिहिण्याच्या सबंध नोकरीत त्यांनी न विचारता काहीही केलेलं नव्हतं. छापताना ते मधूनच गुणगुणत होते. सत्यभामाबाईंनी भावनाला फोन लावून तेवढं ऐकवलं. भावना म्हणाली, "रिकॉर्ड करो ना मम्मी," पण मम्मीला ते बटण सापडलं नाही.

उत्सवाच्या दिवशी संध्याकाळी हॉलच्या दाराशी टेबलं लावून पुस्तकं रचली होती. शेजारी घराघराच्या आडनावांच्या पिशव्या. आत माइकवर कोणीतरी एक दोन, एक दोन करत होतं. गुलाबरावांनी वरची प्रत उचलली.

"हे काय?"

"चेहरा पडला," धर्मपाल म्हणाले.

"पडला म्हणजे?"

"डट्टा होता. वाळला. पडला."

गुलाबरावांनी दुसरी प्रत उचलली, मग ढिगातली खालून एक. "सगळ्यांचाच पडला?"

"राहू द्या साहेब असंच." हे वाक्य धर्मपालांनी घरून तयार करून आणलं होतं. "लोक इचारतील, कोन आहे हे बाई म्हनून."

"हेच तर म्हणतो मी! लोक विचारतील ना!" गुलाबरावांचा आवाज चढला आणि मग, माणूस मुळात चांगला असल्यामुळे, उतरला. "कोणाकोणाला सांगत बसायचं, रामटेकेजी? मंत्रालयातून पाहुणे यायचे आहेत."

"मी सांगीन. उभा राहतो ना मी इथं."

"तुम्ही काय सांगणार?"

धर्मपालांनी तोंड उघडलं. सांगण्यासारखं फार होतं. नळ, अंगण, नाक, आत्याचा पदर. पण समोर गुलाबराव उभे होते, त्यांच्याच घरचा नळ होता, आणि आजचा दिवस आनंदाचा होता. त्यांनी तोंड मिटलं.

क्षमाताई पुढे आल्या. त्यांनी चेहऱ्याच्या पांढऱ्या जागेवर अंगठा ठेवून पाहिला, मग घाईनं आत गेल्या आणि कागदांची एक चळत घेऊन आल्या. मंडळाच्या बोधचिन्हाची गोल स्टिकरं होती, क्रीडास्पर्धेच्या वेळी जास्तीची छापलेली. बोधचिन्ह म्हणजे संत्रं. देठाशी दोन हिरवी पानं. आपण सगळे तिकडचे, म्हणून.

त्यांनी एक सोलून बाईच्या मानेवरच्या गोलावर चिकटवलं. बरोबर बसलं. जणू मापानंच केलं होतं.

"वा!" गुलाबराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण गेला. "वा वा! रामटेकेजी, हे तर मूळच्यापेक्षा सरस झालं. विदर्भाची कन्या, हात उंचावून सगळ्यांना बोलावते आहे. या, या, म्हणते आहे."

त्यांनी स्टिकरांची चळत धर्मपालांच्या हातात दिली. "तुमचा हात बसलेला आहे. लोक यायच्या आत होईल."

धर्मपालांनी पिशव्यांकडे पाहिलं. आडनावं नीट लिहिलेली होती. पुस्तकं उचलून घरी नेता आली असती, रिक्षा बाहेर उभीच होती. पिशव्यांच्या पलीकडे ती सगळी घरं होती, त्यांची पुढची दारं होती. त्यांनी खुर्ची ओढली आणि पहिलं स्टिकर सोललं.

सत्यभामाबाई जरा उशिरा आल्या. निळी साडी, केसांत मोगरा. त्यांनी नवऱ्याच्या हाताखालचं पुस्तक पाहिलं.  न चिकटवलेल्या ढिगातली एक प्रत उचलली, पदरानं पुसली, आणि पुढच्या दारानं हॉलमध्ये जाऊन अगदी पहिल्या रांगेत, पाहुण्यांसाठी पांढरी खोळ घातलेल्या खुर्चीवर बसल्या. पुस्तक मांडीवर उभं धरलं, मुखपृष्ठ स्टेजकडे करून. हात वर केलेली बाई, बिनचेहऱ्याची, तिथून मंडळाच्या सगळ्या कार्यकारिणीकडे पाहत राहिली. दीपप्रज्वलनाची काडी तीनदा विझली.

बाहेर ढीग संपत आला होता. एकामागून एक, एकामागून एक. धर्मपालांची बोटं चिकट झाली होती. मान दुखत होती. स्वागतगीत सुरू झालं तेव्हा क्षमाताई लगबगीनं दारात आल्या आणि खुर्चीशी वाकून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाल्या,

"भाऊ, वहिनींच्या हातातल्या प्रतीलाही तेवढं एक लावून द्या ना. आणि पानं वर येऊ द्या हं. मागच्या वेळी संत्रं उलटं लागलं होतं."